दाव्याआधीचे काम

संसारातील बेबनाव विकोपाला गेला की माणसाला प्रथम वकील आठवतो. आणि वकिलाकडे जाण्याइतका पैसा किंवा धीर गाठीशी नसला, म्हणजे आठवतो तो भावकीतला कोणी वडीलधारा, गावातला वजनदार पुढारी, किंवा कचेरीच्या आवारात पिशवी घेऊन बसलेला आणि ‘तुमचे काम मी करून देतो’ असे आपणहून सांगणारा एखादा अनोळखी गृहस्थ. या सर्वांहून वेगळा असा आणखी एक माणूस आपल्या कायद्याने उभा केलेला आहे, जो पैसे घेत नाही, न्यायाधीशापुढे बाजू मांडत नाही, निकालाची हमी देत नाही, परंतु गोंधळून गेलेल्या माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन पोचवतो आणि तेथे पोचताना त्याच्या हातात योग्य कागद असतील याची काळजी वाहतो. सरकारी दप्तरात त्याला विधी स्वयंसेवक म्हणतात, बोलण्यात पॅरालीगल किंवा नुसते पीएलव्ही म्हणतात. आणि कौटुंबिक दाव्यांच्या बाबतीत त्याच्या कामाचे मोल मला वकिलाच्या कामापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही, कारण पुष्कळसे कौटुंबिक दावे युक्तिवादाच्या कितीतरी आधी, अर्जाचा पहिला शब्दही टंकलिखित झालेला नसतो त्या वेळी, कोणती तारीख आठवली आणि कोणता कागद हाती राहिला यांवरच उभे राहतात किंवा ढासळतात.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम संसदेने १९८७ साली संमत केला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. मोफत विधी साहाय्यास कोण पात्र आहे हे त्याच्या बाराव्या कलमात सांगितले असून, त्या यादीत स्त्री आणि बालक यांचा समावेश उत्पन्नाच्या कोणत्याही अटीवाचून केलेला आहे. याचा अर्थ असा की, बाई नोकरदार असो की शेतमजूर, तिच्या नावावर जमीन असो वा नसो, सरकारी खर्चाने वकील मागण्याचा तिला हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्यापायी तहसील कचेरीत खेपा घालण्याचे तिला काही कारण नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेले लोक यांनाही हीच सवलत आहे. इतर बहुतेक पुरुषांना मात्र उत्पन्नाची मर्यादा लागू होते. हा हक्क बजावण्याची ठिकाणे म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समिती, आणि घरबसल्या १५१०० हा दूरध्वनी क्रमांक. महाराष्ट्रात याखेरीज आणखी एक सवलत आहे, तीही पुष्कळांना ठाऊक नसते: पोटगी, घटस्फोट, हिंसा आणि मालमत्ता यांविषयीच्या स्त्रियांच्या दाव्यांना राज्य शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने न्यायालयीन शुल्काची माफी दिलेली आहे. तेव्हा ‘कोर्ट फीचे इतके द्या’ असे कोणी एखाद्या बाईला सांगू लागला, तर ती फी कोणत्या नियमाखाली लागते हे त्याला शांतपणे विचारावे.

विधी स्वयंसेवकांची योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली आखली. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातील स्त्रिया, कायद्याचे विद्यार्थी, समाजकार्य करणारे तरुण, अशा लिहिता-वाचता येणाऱ्या आणि लोकांत मिसळणाऱ्या माणसांची जिल्हा प्राधिकरणाने निवड करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे, ओळखपत्र द्यावे, आणि कामाच्या दिवसापुरते अल्प मानधन द्यावे, अशी तिची रचना आहे. ज्या वाचकांना हे काम करावेसे वाटते, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज करावा; कायद्याची पदवी लागत नाही. परंतु अर्ज करण्यापूर्वी आपल्या मर्यादा मनाशी पक्क्या कराव्यात. १९६१ च्या वकील अधिनियमानुसार वकिली करण्याचा अधिकार वकिलालाच आहे. स्वयंसेवकाने वकीलपत्र घेऊ नये, दाव्यात काय मागावे याचा अंतिम सल्ला देऊ नये, आणि ‘ही केस तुम्ही जिंकणारच’ हे वाक्य तर कधीही उच्चारू नये. पक्षकाराकडून पैसा, भेटवस्तू, प्रवासखर्च, यांपैकी काहीही स्वीकारण्याची त्याला मुभा नाही. खऱ्या स्वयंसेवकाची ओळख पटवण्याचा हाच सर्वांत सोपा मार्ग आहे: ओळखपत्र दाखवतो आणि पैसे मागत नाही, तो खरा.

आता त्याने करावयाचे काम. ते ऐकण्यापासून सुरू होते, आणि ऐकणे हे वाटते तितके सोपे नाही. वर्षानुवर्षे सोसून, एक दिवस हातातल्या पिशवीनिशी घराबाहेर पडलेली बाई जेव्हा समोर येऊन बसते, तेव्हा ती कालक्रमाने बोलत नाही. ती शेवटच्या मारहाणीपासून सुरुवात करते, मध्येच लग्नातल्या मानपानावर जाते, मग सासऱ्यांच्या आजारपणावर, मग मुलीच्या शाळेवर, आणि या सगळ्यांत तारीख आणि पुरावा या कायद्याला ज्या दोन गोष्टी हव्या असतात, त्या बहुधा एखाद्या उद्गारात निसटून जातात. पहिल्या भेटीत तिला थांबवू नये. पाणी द्यावे, तिच्या माहेरच्या माणसांना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती करावी, कारण वडिलांदेखत किंवा भावादेखत ज्या गोष्टी बोलवत नाहीत त्याच कधीकधी सर्वांत महत्त्वाच्या असतात. आणि तिचा मोबाईल कोणाच्या हाती असतो, तिला कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, हे आधी विचारून घ्यावे. अवेळी आलेल्या एका फोनने तिच्यावर नवे संकट ओढवू शकते.

दुसऱ्या भेटीत मात्र तारीखवार टिपण करावयास बसावे, आणि या टिपणाविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कागदाचे तीन रकाने पाडावेत: डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे त्या घटनेचा पुरावा, म्हणजे कागद किंवा पाहणारा माणूस. ‘लग्नानंतर खूप त्रास दिला’ या वाक्याला न्यायालयात उभे राहण्यास जागा नसते. पण ‘तारीख आठवत नाही हो’ असे म्हणणाऱ्या बाईलाही काळ आठवत असतो, फक्त तो इंग्रजी महिन्यांत आठवत नाही. ‘बेंदराच्या आदल्या दिवशी’, ‘उसाला तोड आली होती तेव्हा’, ‘थोरल्याचे जावळ काढले त्याच्यानंतर’, ‘नणंदेच्या हळदीला’, अशा खुणांनी ती बोलते, आणि जुनी दिनदर्शिका पुढ्यात घेऊन, रुग्णालयाच्या केसपेपरवरील शिक्का, शाळेचा दाखला, एस.टी.चे एखादे जपून राहिलेले तिकीट, यांच्याशी त्या खुणा जुळवीत गेले की हळूहळू वर्ष, महिना आणि पुष्कळदा दिवसही हाती लागतो. जेथे तो लागत नाही तेथे ‘सुमारे’ असे स्पष्ट लिहावे. केवळ टिपण सुबक दिसावे म्हणून तारीख ठोकून देऊ नये. उलटतपासणीत विरुद्ध पक्षाचा वकील त्याच एका तारखेला धरून बसतो, आणि ती खोटी ठरली की तिच्याबरोबर खऱ्या असलेल्या दहा गोष्टींवरचाही विश्वास उडतो. असे दोन-तीन पानांचे स्वच्छ टिपण घेऊन आलेल्या पक्षकाराचा अर्ज तयार करणे हे वकिलाला कितीतरी सुकर जाते, आणि त्या अर्जात काही राहून जाण्याचा संभवही उरत नाही.

तिसऱ्या रकान्यातील कागद गोळा करणे हे काम चिकाटीचे आहे. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर उत्तमच. नसेल तर लग्नपत्रिका, लग्नातील छायाचित्रे, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले, पतीचे नाव असलेले आधार कार्ड यांवरून विवाह दाखवता येतो. मार लागला असेल तर डॉक्टरांना खरे कारण सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा, कारण ‘जिन्यावरून पडले’ असे भीतीपोटी सांगितलेले वाक्य पुढे दोन वर्षांनी तिच्याच विरुद्ध वाचले जाते. मोबाईलमधील संदेश आणि ध्वनिमुद्रणे मूळ यंत्रातून पुसू नयेत. त्यांची छापील प्रत न्यायालयात द्यावयाची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, ही गोष्ट वकिलाच्या कानावर वेळीच घालावी. कुटुंब न्यायालयाला त्याच्या स्वतःच्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने पुराव्याच्या बाबतीत थोडी अधिक मोकळीक दिलेली आहे हे खरे, परंतु त्या मोकळिकीवर विसंबून गबाळेपणा करण्यात शहाणपण नाही. आणि मूळ कागद कोणाच्याही स्वाधीन करू नयेत, स्वयंसेवकाच्याही नाही. झेरॉक्स द्यावी, मूळ माहेरी किंवा विश्वासाच्या घरी ठेवावे.

कागद तयार झाले की प्रश्न येतो तो दाराचा, कारण या विषयात दारे अनेक आहेत. घरात हिंसा चालू असेल, किंवा बाईला घराबाहेर काढले असेल, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तो सर्वांत जवळचा. त्याखाली शासनाने नेमलेले संरक्षण अधिकारी असतात. ते घटनेचा अहवाल विहित नमुन्यात तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, आणि बाईला वैद्यकीय तपासणी, निवारा व मोफत वकील मिळवून देणे हे त्यांचे कर्तव्य आहे. हिंसा घडत आहे अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही, अगदी शेजाऱ्यानेही, देता येते, आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे चौथे कलम सांगते. ‘आपण कशाला दुसऱ्याच्या घरात पडायचे’ म्हणून गप्प राहणाऱ्या वाचकांनी हे कलम लक्षात ठेवावे. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत व्हावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात ही मुदत पाळली जातेच असे नाही. म्हणूनच तेविसाव्या कलमाखालील अंतरिम हुकुमाची मागणी मूळ अर्जाबरोबरच करावी. घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न राहण्याच्या हक्काच्या आड येत नाही. सामायिक घरात राहण्याचा हक्क सतराव्या कलमाने दिला आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीशचंद्र आहुजा यांच्या खटल्यात स्पष्ट केले.

केवळ पोटगीचा, म्हणजे ग्रामीण भागात ज्याला खावटीचा दावा म्हणतात त्याचा, प्रश्न असेल, तर लोकांच्या तोंडी अजून ‘एकशे पंचवीसची केस’ असली तरी १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे झाले आहे. पत्नीप्रमाणेच मुले आणि वृद्ध आईवडील यांनाही त्याखाली दाद मागता येते, आणि घटस्फोटितेलाही, तिने पुनर्विवाह केला नसेल तोवर, मागता येते. घटस्फोट, विभक्तता, मुलांचा ताबा यांसाठी कुटुंब न्यायालय असलेल्या शहरांत तेथे, आणि इतरत्र दिवाणी न्यायालयात जावे लागते. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जेथे राहते तेथील न्यायालयातही हिंदू विवाह कायद्याखालील अर्ज करता येतो, ही २००३ सालची सुधारणा माहेरी परतलेल्या स्त्रियांना फार उपयोगाची आहे; लग्न लागले त्या दूरच्या गावी तारखांना जाण्याची सक्ती तिच्यावर नाही. आणि कोर्टात जाण्याचे मन अजून होत नसेल, तर काही पोलीस ठाण्यांत व आयुक्तालयांत महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष आहेत, ज्यांची सुरुवात टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ साली केली. तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसतात. तातडीच्या प्रसंगी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावेत.

या सर्व दारांच्या आधी एक खोटे दार लागते, आणि त्यातून आत गेलेल्या माणसांची संख्या पाहून जीव कळवळतो. ते म्हणजे नोटरीपुढे केलेली सोडचिठ्ठी. मुद्रांकावर चार ओळी लिहून, दोघांच्या सह्या-अंगठे घेऊन, पंचांच्या साक्षीने काडीमोड झाला असे खेड्यांतच नव्हे, शहरांतही समजले जाते. हिंदू विवाह अशा कागदाने मोडत नाही. जमातीत प्राचीन काळापासून चालत आलेला रूढीचा घटस्फोट सिद्ध करता आला तरच त्याला मान्यता मिळते, आणि तो सिद्ध करण्याचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर असते. बाकीच्यांच्या बाबतीत पहिला विवाह कायम राहतो आणि त्यानंतर झालेले लग्न रद्दबातल ठरते, त्यातून जन्मलेल्या मुलांचे आणि दुसऱ्या पत्नीचे हाल होतात ते वेगळेच. त्याच कागदात बहुधा ‘आम्ही परस्परसंमतीने विभक्त राहत आहोत व यापुढे खावटी मागणार नाही’ असेही एक वाक्य घातलेले असते. आणि परस्परसंमतीने विभक्त राहणाऱ्या पत्नीला १४४ व्या कलमाखाली पोटगी मिळत नाही असे कायदाच म्हणत असल्यामुळे, वाचता न येणाऱ्या बाईकडून घेतलेला तो अंगठा पुढे तिच्या गळ्याशी येतो. स्वयंसेवकाने गावागावांत एवढे एक जरी सांगितले की वकिलाने वाचून दाखवल्यावाचून कोणत्याही मुद्रांकावर सही करू नये, तरी त्याने मोठे काम केले. जातपंचायत कोर्टात जाऊ देत नसेल, वाळीत टाकण्याची धमकी देत असेल, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला २०१६ चा कायदा त्या पंचांनाच गुन्हेगार ठरवतो, हेही तेथेच सांगावे.

दुसरा धोका नोटिशीचा. ‘नांदायला या, नाहीतर दावा करू’ अशी पतीकडून वकिलाची नोटीस येते, मागोमाग हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखालील दाव्याचे समन्स येते, आणि माहेरची माणसे अपमानाने किंवा भीतीने ते परत पाठवतात किंवा कपाटात टाकून देतात. अशाच स्वरूपाच्या दाव्यात १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला होता, आणि त्या बाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती. आज तसा तुरुंग नाही. पण समन्स न घेतल्याने दावा थांबत नाही. तो एकतर्फी चालतो, एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि तो वर्षभर पाळला गेला नाही तर त्याच आधारावर घटस्फोटही मागता येतो. म्हणून बेलिफाकडून समन्स घ्यावे, सही करून त्याखाली तारीख घालावी, आणि त्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलासाठी अर्ज द्यावा. सासरी न जाण्याचे सबळ कारण असेल तर ते लेखी कैफियतीत सांगण्याचा तिला पुरेपूर अधिकार आहे.

पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात आता दोन्ही पक्षांना आपल्या उत्पन्नाचे, मालमत्तेचे आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा नमुनाच घालून दिला आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही ठरवले. हे प्रतिज्ञापत्र भरवून घेणे हे स्वयंसेवकाचे खास काम आहे, कारण त्यातील प्रश्न बारीक आहेत आणि उत्तरे घरातल्या माणसालाच ठाऊक असतात. घरभाडे, किराणा, शाळेची फी, औषधे, प्रवास, यांचा महिन्याचा खर्च अंदाजाने न लिहिता पावत्यांवरून लिहावा. बाई शिवणकाम करून किंवा भाजी विकून चार पैसे मिळवत असेल तर ते लपवू नये, कारण थोडे कमावणाऱ्या स्त्रीलाही पोटगी मिळू शकते, खोटे सांगणारीची मात्र बाजू लंगडी होते. पतीच्या उत्पन्नाची माहिती मिळवण्याचे मार्गही आहेत. शेतकरी असेल तर त्याचा सातबारा आणि आठ-अ महाभूलेखवर कोणालाही पाहता येतो. ऊस घालत असेल तर कारखान्याचे बिल, दूध घालत असेल तर संघाची पगाराची चिठ्ठी, दुकान असेल तर परवाना आणि पाटीचे छायाचित्र. ‘मी बेकार आहे’ असे प्रतिज्ञेवर सांगणाऱ्या पतीच्या नावे तीन एकर बागायत निघते, हा अनुभव या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवा नाही.

तारखेच्या दिवशी न्यायालयात काय घडते हे आधी सांगून ठेवले म्हणजे पक्षकाराची निम्मी भीती जाते. सकाळी दालनाबाहेर दिवसाच्या प्रकरणांची यादी लावलेली असते. शिपाई पुकारा करतो तेव्हा हजर नसले तर प्रकरण गैरहजेरीत निघते, म्हणून पाणी पिण्यास जातानाही कोणाला तरी दाराशी उभे करून जावे. विरुद्ध पक्षाने एखादा अर्ज दिला की न्यायालय त्यावर ‘म्हणणे’ मागते. ते वेळेत गेले नाही तर अर्ज तसाच मंजूर होण्याची भीती असते. त्या दिवशी काय झाले याची नोंद रोजनाम्यात होते आणि पुढची तारीख त्यातच पडते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो, तो मोबाईलच्या ई-कोर्ट सेवेत घातला की पुढची तारीख आणि हुकूम घरी बसून पाहता येतात. हा क्रमांक बाईच्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून द्यावा. हुकुमाची सही-शिक्क्याची प्रत नक्कल विभागात अर्ज देऊन मिळते आणि ती मागून घेण्यास कंटाळा करू नये.

कुटुंब न्यायालयाचा १९८४ चा अधिनियम मुळातच समेटाच्या हेतूने झालेला आहे. तेराव्या कलमाप्रमाणे तेथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाने परवानगी दिली तरच लावता येतो. आणि सुनावणीआधी किंवा सुनावणी चालू असताना पक्षांना समुपदेशकाकडे पाठवले जाते. समुपदेशकाला सर्व खरे सांगावे. मात्र समेट हा भीतीपोटी होऊ नये, आणि जेथे मारहाण झाली आहे तेथे ‘मुलांकडे पाहून जा’ हा सल्ला स्वयंसेवकाने स्वतः कधीही देऊ नये. ते ठरवण्याचा अधिकार त्या बाईचा आहे. तडजोड झालीच तर तिच्या अटी लेखी, आकड्यांनिशी आणि तारखांनिशी लिहून घ्याव्यात, कारण संमतीने झालेल्या हुकुमावर अपील चालत नाही. ‘मुलाचा खर्च बाप पाहील’ असे लिहिलेले उपयोगाचे नाही; दरमहा किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, हे लिहिलेले असावे. मुलांच्या ताब्याविषयी एवढेच सांगतो की, पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम म्हणतो, परंतु सर्वांवर मात करणारा विचार मुलाच्या हिताचा असतो; म्हणून भेटीच्या दिवशी मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवणारे आईबाप आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात, आणि मुलाचे त्याहून अधिक नुकसान करतात.

वर सांगितले त्यातील बराच भाग हिंदू विवाह कायद्यापुरता आहे. मुस्लिम स्त्रियांसाठी १९३९ चा विवाहविच्छेद अधिनियम आणि १९८६ व २०१९ चे कायदे आहेत, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली दाद मागता येते असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. ख्रिस्ती व पारशी समाजांचे कायदे निराळे आहेत. हिंसाचाराचा २००५ चा कायदा मात्र सर्वधर्मीय स्त्रियांना सारखाच लागू आहे. गोव्यातील वाचकांनी तर वेगळाच विचार करावा, कारण तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो आणि विवाहपूर्व करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक मानली जाते. परदेशी नांदत असलेल्या मुलींना तिकडच्या न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम टपालाने येतो तेव्हा त्यांनी धीर सोडू नये. ज्या कारणावर तो झाला ते आपल्या कायद्यात नसेल, किंवा मुलगी त्या न्यायालयाच्या अधिकाराला स्वेच्छेने अधीन झालेली नसेल, तर तो येथे बंधनकारक नसतो, हे १९९१ पासून ठरलेले आहे. अशा प्रकरणात स्वयंसेवकाने स्वतः काही न सांगता लगेच जाणत्या वकिलाकडे पाठवावे.

स्वयंसेवकाची वही ही पवित्र वस्तू आहे. त्यात लिहिलेले नाव, गाव, घडलेले प्रसंग, यांतील काहीही घरी, पारावर किंवा मोबाईलच्या गटात बोलू नये. ‘नाव सांगत नाही पण’ असे म्हणून सांगितलेली हकीकतही लहान गावात ओळखू येते. आपल्या ओळखीचे किंवा नात्यातले प्रकरण आले तर ते दुसऱ्या स्वयंसेवकाकडे सोपवावे.

आणि हुकूम झाला म्हणजे काम संपले असे कोणी समजू नये, कारण पोटगीचा हुकूम हाती आला तरी पैसा आपोआप येत नाही. पती देत नसेल तर त्याच न्यायालयात वसुलीचा अर्ज करावा लागतो. न्यायालय वॉरंट काढते, आणि तरीही पैसे भरले नाहीत तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. परंतु १४४ व्या कलमाखालील थकबाकीसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही, आणि ‘आज देतो, उद्या देतो’ या भरवशावर राहिलेल्या कित्येक बायकांचे पैसे या एका मुदतीत बुडतात. म्हणून हुकूम होताच बाईच्या नावे बँकेत खाते उघडवावे, पोटगी त्यातच जमा व्हावी असे हुकुमात लिहून घ्यावे, दर महिन्याला पासबुक भरून आणावे, आलेला आणि न आलेला हप्ता वहीत समोरासमोर मांडावा, आणि सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्याला अकरावा महिना लागण्यापूर्वी वसुलीचा अर्ज दाखल झाला आहे ना, हे स्वयंसेवकाने स्वतः जाऊन पाहावे.